क्रोम की काळं? नागपूरच्या उन्हात गाडीची पट्टी निवडताना

मे महिन्यात दुपारी दोन वाजता धरमपेठेत गाडी उन्हात लावायची, तासाभराने परत यायचं आणि दाराच्या क्रोमच्या हँडलला हात घालायचा. तोंडातून जो शब्द निघतो तो इथे लिहिता येत नाही. शेजारच्या गाडीचं काळं हँडलही काही गार नसतं, पण साधं प्लॅस्टिक हाताला चटका सावकाश देतं; धातूचा मुलामा एकदम देतो. माझ्या भाच्याला पहिली गाडी घेताना शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नाही. त्याला सांगितलं ते एवढंच, की वरच्या मॉडेलला क्रोम येतं, 'डार्क' मॉडेलला सगळं काळं येतं आणि दोन्ही 'प्रीमियम' दिसतं. घरी येऊन म्हणाला, "मामा, कोणतं घेऊ?"

त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. मी मेकॅनिक नाही. आजवर चार गाड्या बाळगल्या, त्यातल्या दोघींचं क्रोम स्वतः काळं केलं आणि एकीचं पैसे देऊन बिघडवून घेतलं. त्यावरून जे कळलं ते एका वाक्यात असं: क्रोमचा वैरी पाणी आणि काळ्याचा वैरी ऊन. नागपुरात ऊन सगळ्यांना सारखं, पाणी मात्र गल्लीगणिक वेगळं. त्यामुळे निवड रंगावरून करण्याआधी गाडी कुठे उभी राहणार आणि कोणत्या पाण्याने धुतली जाणार, हे बघायचं.

पहिली पायरी: गाडीभोवती एक फेरी मारा

कागद-पेन घ्या. नवी गाडी घेत असाल तर शोरूममध्येच, जुनी असेल तर अंगणात. समोरून सुरुवात करा: ग्रिल, ग्रिलच्या कडेची पट्टी, कंपनीचा लोगो, फॉग लॅम्पभोवतीची गार्निश (सजावटीची कड). मग बाजूने: खिडकीच्या खालून जाणारी लांब पट्टी (दुकानदार तिला विंडो बीडिंग किंवा बेल्ट म्हणतात), दाराची हँडल, आरशाची टोपी, चाकाभोवतीचं आणि दाराखालचं क्लॅडिंग (प्लॅस्टिकचं आवरण), दोन दारांमधला चकचकीत काळा खांब, वर रूफ रेल. मागे डिक्कीवरची आडवी पट्टी, नावाची अक्षरं, सायलेन्सरचं टोक. प्रत्येकापुढे क्रोम की काळं ते लिहा.

हे एवढ्यासाठी, की "मला क्रोम नको" म्हणणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात फक्त ग्रिल किंवा फक्त डिक्कीवरची पट्टी खुपत असते. यादी डोळ्यांसमोर आली की काम निम्मं होतं, खर्चही निम्मा होतो.

दुसरी पायरी: ते नेमकं कशाचं आहे, ते ओळखा

सगळं चमकणारं क्रोम नसतं आणि सगळं काळं एक नसतं. या पायरीत नवखे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

ॲम्बॅसॅडर आणि फियाट पद्मिनीच्या काळात बंपर लोखंडी असे आणि त्यावर क्रोम चढवलेलं असे. आज ग्रिलवर दिसणारं क्रोम बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकवरचं असतं. प्लॅस्टिकला आम्लात बुडवून खरबरीत करतात, त्यावर विजेच्या साहाय्याने आधी तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोमियम चढवतात. शेवटचा क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकाही नाही. खरी चमक खालच्या निकेलची, क्रोमियम फक्त तिची राखण करतं. राखणदार एवढा किडकिडीत आहे हे लक्षात ठेवलं, की घासणीने क्रोम घासायची इच्छा होत नाही.

खिडकीच्या खालची लांब पट्टी मात्र बऱ्याच गाड्यांत स्टेनलेस स्टीलची असते. नखाने टिचकी मारून बघा: प्लॅस्टिक 'टक्' वाजतं, स्टील 'टिण्'. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर धातू नक्की. चिकटलं नाही तर मात्र निष्कर्ष काढू नका, कारण काही जातीचं स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. स्टीलची पट्टी सर्वांत टिकाऊ. डाग पडला तर निघतो, सोलून निघायला मुलामाच नसतो.

तिसरा प्रकार बाजारातल्या चिकटवायच्या गार्निशचा: हँडलवर बसणाऱ्या चमकदार वाट्या, टेललॅम्पभोवतीच्या कड्या, दाराखालच्या पट्ट्या. डबल टेपने लावतात. दिवाळीच्या ऑफरमध्ये फुकट मिळाल्या तरी माझा सल्ला 'नको' असाच आहे. त्यांच्या आणि रंगाच्या मध्ये धूळ जाऊन बसते, गाडी चालताना ती धूळ पॉलिश पेपरचं काम करते. वर्षभराने गार्निश काढली की खाली तिचाच आकार रंगावर कोरलेला सापडतो.

आता काळं. चाकाभोवतीचं, दाराखालचं दाणेदार पोताचं काळं हे रंगवलेलं नसतं; ते प्लॅस्टिकच काळं असतं, बहुधा पॉलिप्रॉपिलिन. खांबावरचं, हल्ली ग्रिलवरचंही, आरशासारखं काळं ते 'पियानो ब्लॅक'. आरशाची टोपी आणि छप्पर बहुधा रंगवलेलं, वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) असलेलं. आणि चौथं काळं म्हणजे कुणीतरी आधी लावलेली फिल्म, स्टिकरसारखी चिकटणारी. कोपऱ्यावर नख फिरवलं की कड लागते. सेकंडहँड गाडी घेताना हे नख जरूर फिरवा. काळ्या फिल्मखाली गेलेलं क्रोम सहसा चांगल्या कारणासाठी झाकलेलं नसतं.

तिसरी पायरी: ऊन आणि पाणी मोजा

नागपूरचं ऊन म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायची गरज नाही, पण बाहेरून बदलून आलेल्यांसाठी: मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढे पारा जाणं इथे बातमी नसते. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले होते. मागाहून हवामान खात्याने यंत्र बिघडल्याचं सांगितलं, पण दोन दिवस आम्ही ते खरं धरून चाललो होतो, यात सगळं आलं.

हे ऊन दाणेदार काळ्या प्लॅस्टिकचं काय करतं? अतिनील किरण पृष्ठभागावरच्या प्लॅस्टिकच्या साखळ्या तोडतात. बारीक भेगा पडतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि काळं राखाडी दिसू लागतं. आतलं प्लॅस्टिक ठीक असतं, फक्त चेहरा गेलेला असतो. रोज आठ-नऊ तास उघड्यावर उभी राहणारी गाडी, म्हणजे ऑफिसच्या बाहेर रस्त्याच्या कडेला, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत शेड नसलेल्या पार्किंगमध्ये, असा चेहरा लवकर गमावते. आणि एकच बाजू रोज पश्चिमेला असेल तर एकच बाजू पांढुरकी होते. ते अधिकच वाईट दिसतं.

क्रोमला उन्हाने फारसं काही होत नाही. त्याला होतं ते पाण्याने. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी त्या मानाने सौम्य. बोअरचं पाणी जड. तुमचं पाणी कसं आहे हे तपासायला प्रयोगशाळा नको, कुलर बघा. ताट्यांवर आणि टाकीच्या काठावर एका उन्हाळ्यात पांढरा खडूसारखा थर बसला असेल, तर तेच पाणी तुमच्या क्रोमवर वाळणार आहे. गाडी धुतली, ऊन होतं, पाच मिनिटांत थेंब उडून गेले आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरी कडी राहिली. रोज पुसलं तर जाते, महिनाभर राहिली तर कापडाने जात नाही. मग माणूस काहीतरी खरबरीत घेतो आणि तिथे राखणदार मरतो.

इथे एक खास नागपुरी संकट सांगतो. वरच्या मजल्याचा कुलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो आणि त्याची टाकी भरून वाहते. खाली तुमची गाडी. एप्रिल ते जून रोज रात्री थेंब-थेंब जड पाणी एकाच जागी. माझ्या एका गाडीच्या डाव्या खिडकीच्या पट्टीवर वीतभर जागेत असे डाग होते की लोक विचारत, "पेंट उडाला का?" पेंट नव्हता, वरच्यांचा कुलर होता.

तर हिशेब साधा: गाडी घरात किंवा शेडखाली, पण पाणी बोअरचं, तर काळ्याकडे झुका. गाडी उघड्यावर, पाणी नळाचं, धुणारा माणूस पुसून घेणारा, तर क्रोम खुशाल ठेवा. उघड्यावरही आणि बोअरचंही, अशी बहुतेकांची स्थिती असते; त्यांनी दाणेदार काळं कमी आणि स्टीलची पट्टी असलेलं मॉडेल शोधावं. पियानो ब्लॅकचा मुद्दा वेगळाच आहे, तो पुढे येतो.

चौथी पायरी: कायद्याचं थोडक्यात

पट्ट्या, ग्रिल, हँडल काळी केल्याने गाडीचा नोंदणीतला रंग बदलत नाही. पूर्ण गाडीच वेगळ्या रंगात रॅप केली (फिल्मने मढवली) किंवा रंगवली तर मात्र मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो आणि आरसीवर नोंद करायला आरटीओत जावं लागतं. तुमची गाडी एमएच-३१ असो, ४९ असो की ग्रामीणची ४०. हौसेच्या भरात तीन गोष्टींना हात लावू नका. एक, हेडलॅम्प-टेललॅम्पवर धुरकट फिल्म. रात्री वर्धा रोडवर मागच्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसला पाहिजे. दोन, नंबरप्लेट, हाय सिक्युरिटी प्लेटवर फ्रेम, क्रोमची कड, काळी काच काहीही नको. तीन, समोरचे क्रोमचे बुल बार, म्हणजे बंपरपुढे लावतात ते धातूचे गज. ते २०१७ च्या डिसेंबरातच केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने अनधिकृत ठरवले आहेत आणि तेव्हा त्या खात्याचे मंत्री आपल्याच शहराचे खासदार होते. काचेवरची काळी फिल्म हा निराळा विषय, पण दुकानदार ग्रिलच्या कामाबरोबर तीही गळ्यात मारायला बघतो, तेवढं सांभाळा.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंची विमा कंपनीला कल्पना दिली नसेल तर अपघातात त्यांचे पैसे मिळतील असं धरून चालू नका.

पाचवी पायरी: नवी गाडी घेत असाल तर

टाटाने २०१९ मध्ये हॅरियरची डार्क आवृत्ती काढली, नंतर ह्युंदाईच्या नाइट, एमजीच्या ब्लॅकस्टॉर्म अशा रांगेने आल्या. कंपनीतूनच काळी येणारी गाडी आणि बाहेर काळी केलेली गाडी यांत मोठा फरक आहे. कंपनीचा भाग कारखान्यातच रंगवलेला किंवा गडद क्रोम चढवलेला असतो, त्याला कड नसते, सुटत नाही आणि वॉरंटीत असतो. तेवढ्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल तर मोजा.

पण टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा आणि तिच्या पियानो ब्लॅकच्या खांबाकडे उन्हात तिरकं बघा. शोरूमच्या दिव्यात ते काळं तळ्यासारखं दिसतं. उन्हात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चऱ्या दिसतील. ती गाडी जेमतेम काही महिन्यांची असते. नागपुरात वर्षाचे आठ महिने हवेत धूळ असते; सिमेंट रोडची कामं चालू असली की ती सिमेंटची, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूला राखेची. वॉचमन सकाळी कोरडा फडका मारतो, म्हणजे ती धूळ चकचकीत काळ्यावर घासतो. डार्क आवृत्ती घ्यायची तर पहिल्याच आठवड्यात खांबांवर पारदर्शक पीपीएफ (रंग जपणारी जाडसर फिल्म) लावून घ्या. सगळ्या गाडीला नको, फक्त चार खांब आणि ग्रिलची कड. हा खर्च मला योग्य वाटतो. छपराला, बॉनेटला पीपीएफ लावा म्हणून मागे लागतील, त्यांना चहा प्यायला लावा.

मॅट काळ्या गाडीचा मोह होत असेल तर एवढंच: मॅट पॉलिश करता येत नाही. चरा पडला की पडला.

सहावी पायरी: असलेलं क्रोम काळं करायचं असेल तर

चार वाटा आहेत. भाग बदलणं, फिल्म लावणं, सोलता येणारा रबरी स्प्रे मारणं आणि रंगवणं.

भाग बदलणं सर्वांत सोपं आणि लोकांना सर्वांत कमी सुचतं. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला तोच ग्रिल काळ्या प्लॅस्टिकचा येतो. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर पार्ट नंबर विचारा, तुमच्या मॉडेलला क्लिपा त्याच आहेत ना ते पाहा, जुना काढून गादीच्या खोळीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना तो क्रोमचा ग्रिल कामाला येतो, कारण सेकंडहँड घेणाऱ्याला 'टॉप मॉडेल' दिसायला हवं असतं.

रबरी स्प्रे मी एकदा डिक्कीच्या अक्षरांवर मारला. लहान जागेला ठीक. लांब पट्टीवर आपल्याकडच्या उन्हात तो काही काळाने सोलायला गेलं की सलग निघत नाही, तुकड्या-तुकड्यांत येतो आणि एक रविवार जातो.

रंगवणं हे रंगाऱ्याचं काम आहे, आपलं नाही. क्रोमवर रंग धरत नाही. आधी पॉलिश पेपरने चमक पूर्ण मारावी लागते, मग धरून ठेवणारा प्रायमर, मग काळा, मग क्लिअर. यातली पहिली पायरी कंटाळवाणी म्हणून घाईची जागा तीच, आणि सहा महिन्यांनी खवले निघतात ते तिथूनच. शिवाय मेच्या कोरड्या झळांत स्प्रेचे कण हवेतच वाळून खरबरीत बसतात, ऑगस्टच्या दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. रंगवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बंद बूथ असलेल्या ठिकाणी आणि "घिसाई किती नंबरच्या पेपरने करणार?" असा प्रश्न विचारून. आकडा न सांगता "होऊन जाईन ना भाऊ" असं उत्तर आलं तर गाडी वळवा.

राहिली फिल्म. नवख्याने हीच धरावी, कारण चुकली तर निघते.

सातवी पायरी: खिडकीच्या पट्टीला फिल्म, स्वतःच्या हाताने

आधी माझी फजिती सांगतो. माझ्या तिसऱ्या गाडीची पट्टी एका दुकानात काळी करून घेतली, तीही मेच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण लग्नाला जायचं होतं. मी विचारलं, "किती दिवस टिकेल?" तो म्हणाला, "दोन वर्षं हालत नाही भाऊ." नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला आणि आठ दिवसांत फिल्म दोन्ही टोकांनी आक्रसली. कडेला क्रोमची बारीक रेघ उघडी पडली, तिच्यावर चिकट गोंद, गोंदावर धूळ. गाडीने डोळ्यांत काजळ घालून रडल्यासारखं दिसत होतं. खरा घोटाळा पावसाळ्यात कळला. त्याने फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली होती आणि ब्लेड दाराच्या रंगात उतरलं होतं. केसाएवढी रेघ, सप्टेंबरपर्यंत ती तांबूस झाली.

त्यातून दोन नियम. फिल्म 'कास्ट' हवी, 'कॅलेंडर्ड' नको. कॅलेंडर्ड फिल्म लाटून, ताणून बनवतात, त्यामुळे गरम झाली की तिला मूळ आकाराकडे परत जायचं असतं. कास्ट फिल्म पातळ ओतून बनवतात, तिच्यात तो ताण नसतो. दुकानदाराला हाच शब्द विचारा. आणि दुसरा नियम: गाडीच्या रंगावर ब्लेड चालवायचं नाही.

वेळ: डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, दहा वाजल्यानंतर. पहाटेच्या थंडीत फिल्म ताठ राहते, नीट चिकटत नाही. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सावलीत, पट्टी हाताला थंड लागत असताना. तापलेल्या पट्टीवर गोंद टेकताक्षणी धरतो, उचलून पुन्हा लावायची संधी देत नाही. जागा वारा न येणारी. अंगणात करणार असाल तर आधी पाणी शिंपडून धूळ बसवा.

फिल्म रोलवर बहुधा दीड मीटर रुंद येते आणि दुकानदार फुटावर विकतो. फूटभर लांबी घेतली तरी आडवं कापल्यास दीड मीटरच्या भरपूर पट्ट्या निघतात. लांब पट्टी एका तुकड्यात करायचा हट्ट नको. प्रत्येक दाराचा तुकडा आधीच वेगळा असतो, तसाच करा. दोन जास्तीच्या कापून ठेवा, लागतातच. काळा रंग ग्लॉसी, सॅटिन (मंद चमकेचा), मॅट असा मिळतो. खिडकीच्या रबराशी सॅटिन मिळतो. ग्लॉसी लावला की रबर जुनं दिसू लागतं.

आता काम. पट्टी शाम्पूने धुवा, सुकवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरवर घेऊन दोनदा पुसा. वॉशिंग सेंटरवाल्याने कधी प्लॅस्टिकला चमकवायचं तेलकट सिलिकॉन मारलं असेल तर तीनदा. फिल्मचा गोंद सिलिकॉनपुढे हात टेकतो. रबराच्या खाचेत टूथब्रश फिरवा. तिथून नेमका एक कण निघतो आणि फिल्मखाली जाऊन पुटकुळी होतो.

पट्टीच्या रुंदीपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त रुंद फिल्म कापा. मागचा कागद एकदम सोलू नका. वीतभर सोला, टोकाला टेकवा, फिल्म हलकी सरळ धरा, ताणू नका, आणि कापड गुंडाळलेल्या जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेला दाबत पुढे सरका. पुढची वीत सोला. ताणून लावलेली फिल्म त्या दिवशी सुंदर दिसते आणि मेमध्ये परत येते, हे विसरू नका. सुरकुती आली तर थांबा, उचला, परत टेकवा.

कोपऱ्यावर हेअर ड्रायर चालतो. हाताला सोसवेल इतकी ऊब दिली की फिल्म मऊ पडते, मग बोटाने वळवा. जास्तीची कड कापायला 'नाइफलेस टेप' मिळते: आत बारीक दोरा असलेली टेप आधी रंगाच्या बाजूला लावायची, वर फिल्म, मग दोरा ओढला की फिल्म सरळ कापली जाते. ती मिळाली नाही तर फिल्म बाहेर, टेबलावर, कागदी नमुन्याबरहुकूम कापून मगच लावा. थोडं वेळखाऊ आहे, पण तांबूस रेघ उठत नाही. रबराच्या बाजूची कड कार्डाच्या टोकाने रबराखाली दोन मिलिमीटर सरकवा. ही दोन मिलिमीटरच पुढची दोन वर्षं ठरवतात. कड उघडी राहिली तर धूळ, आत गेली तर दिसतही नाही.

शेवटी सगळ्या कडांवरून ड्रायर सावकाश फिरवून पुन्हा दाबा. दोन-तीन दिवस गाडी धुऊ नका. महिन्याभरात कुठे कड उचलली तर तेवढीच गरम करून दाबा, वरून गोंद लावू नका.

पहिल्यांदा करताना उजवं मागचं दार निवडा. चालवताना तुम्हाला ते दिसत नाही आणि फुटपाथवरून येणाऱ्यालाही सहसा नाही.

ग्रिलबद्दल एक इशारा. अनेक नव्या गाड्यांत लोगोच्या किंवा खालच्या काळ्या पॅनलच्या मागे रडार असतं, समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारं. त्याच्यासमोर धातूचा अंश असलेली फिल्म, क्रोम गार्निश किंवा मेटॅलिक रंग आला की ते आंधळं होतं. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. तिथे काहीही चिकटवू नका. बंपरवरचे पार्किंग सेन्सरही झाकू नका.

आठवी पायरी: नंतरची निगा

क्रोम: धुतल्यावर लगेच पुसायचं, उन्हात वाळू द्यायचं नाही. पांढऱ्या कड्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापडाने दोन मिनिटं, मग भरपूर साधं पाणी. वॉशिंग सेंटरवर चाकांसाठी ॲसिडवालं लिक्विड वापरतात ते पट्टीवर उडू देऊ नका, स्टीलही काळवंडतं. ॲल्युमिनियम फॉइलने क्रोम घासायचा जो नुस्खा फिरतो तो जुन्या लोखंडी बंपरचा गंज काढायला आहे. प्लॅस्टिकच्या ग्रिलला नाही.

दाणेदार काळं: गाडीला पॉलिश किंवा वॅक्स लावण्याआधी मास्किंग टेप लावा. वॅक्स दाण्यांत शिरून पांढरं होतं आणि कापडाने निघत नाही. निघतं शाळेच्या खोडरबराने. मुलाचं दप्तर उघडा. राखाडी झालेल्या प्लॅस्टिकला सिलिकॉनचा चमकवणारा द्रव भेगा भरून काढतो, एका पावसापुरता. जास्त टिकणारं हवं तर प्लॅस्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग मिळतं, तेही प्लॅस्टिक पूर्ण राखाडी व्हायच्या आधी लावलेलं बरं. हीट गनने काळं परत आणणारे व्हिडिओ बघून उत्साहात येऊ नका; एकदा जमतं, दुसऱ्यांदा प्लॅस्टिक वितळतं.

पियानो ब्लॅक: कोरडा फडका कधीच नाही. आधी पाणी, मग पुसणं. वॉचमनला हे सांगणं अवघड असतं, पण महिन्याला थोडे पैसे वाढवून दिले की जमतं.

आणि दसरा. नवी गाडी टेकडीच्या गणपतीला नेली की झेंडूचा हार येणार, ग्रिलवर कुंकवाचं स्वस्तिक येणार. हार तारेवर ओवलेला असेल तर ती तार चकचकीत काळ्यावर वारा लागला की घासते. दोऱ्याचा हार मागा. कुंकू-हळद मॅट फिल्मवर आणि दाणेदार प्लॅस्टिकवर डाग सोडते. स्वस्तिक काचेवर काढायला गुरुजी कधी नाही म्हणत नाहीत.

भाच्याने शेवटी मधलं मॉडेल घेतलं: ग्रिलवर क्रोमची एकच रेघ, खिडकीखाली स्टीलची पट्टी, चाकांभोवती दाणेदार काळं. मनीषनगरात राहतो, गाडी बिल्डिंगच्या पोर्चखाली, पाणी बोअरचं. स्टीलच्या पट्टीला जानेवारीत आम्ही दोघांनी मिळून सॅटिन काळी फिल्म लावली, उजव्या मागच्या दारापासून सुरुवात करून. आता एकच काम उरलं आहे: वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुलरची ओव्हरफ्लोची नळी दुसरीकडे वळवायची. तो म्हणतो, "मामा, तुम्हीच बोला." मी म्हटलं, मार्च लागू दे.